स्वभावाचे सांचे

एकाच घरांत वाढलेले दोन भाऊ. पाहुणे आले कीं थोरला दिवाणखान्यांत येऊन गप्पांत रंगून जातो. धाकटा पुस्तक घेऊन माडीवर निघून जातो. घरांतलीं वडील माणसें पहिल्याला 'बोलका' व दुसऱ्याला 'घुमा' म्हणतात, आणि तीं नांवें त्या मुलांना पुढें जन्मभर चिकटून राहतात. माणसांचे असे प्रकार पाडण्याची हौस फार जुनी आहे. आयुर्वेदानें वात, पित्त व कफ यांवरून प्रकृति ओळखली. युरोपांत गेलेन या वैद्याच्या परंपरेनें शरीरांतील चार रसांवरून चार स्वभाव मानले.

या हौसेला मानसशास्त्राची बैठक दिली ती स्वित्झर्लंडमधील कार्ल युंग यांनीं. १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यांनीं अंतर्मुख व बहिर्मुख हे दोन मुख्य प्रकार वर्णिले. हा भेद केवळ बोलकेपणाचा नव्हे. मनाची शक्ति कोणीकडे वळते याचा आहे. बहिर्मुखाचें चित्त भोंवतालच्या माणसांकडे व घडामोडींकडे धांव घेतें. अंतर्मुखाला स्वतःच्या विचारांत विसावा सांपडतो. तेव्हां माडीवर गेलेला धाकटा गर्विष्ठ नव्हे कीं माणूसघाणाहि नव्हे. त्याच्या विसाव्याची जागा निराळी, इतकेंच. एवढें उमजलें तरी घरांतले पुष्कळ गैरसमज मिटतील. मात्र या दोन्ही प्रवृत्ति प्रत्येकांत वास करतात, हेंहि युंग यांनीं मानलें होतें.

पुढें अमेरिकेंत कॅथरीन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनीं युंग यांच्या कल्पना प्रश्नावलींत उतरवून माणसांचे १६ प्रकार पाडले. १९६२ सालीं प्रसिद्ध झालेली ही चाचणी कचेऱ्यांतून अतिशय लोकप्रिय झाली. परंतु तींत एक गोम आहे. उंची मोजली तर बहुतेक माणसें मध्यम भरतात. स्वभावाचेंहि तसेंच आहे. नेमकी मध्यावर रेघ ओढली, तर तिच्या अलीकडे व पलीकडे उभीं असलेलीं दोन माणसें एकमेकांच्या अगदीं जवळ असूनहि निराळ्या वर्गांत पडतात. तीच व्यक्ति कांहीं आठवड्यांनीं पुन्हां उत्तरें देते, तेव्हां पुष्कळदां तिचा प्रकारच बदलतो.

तरीहि आपलें वर्णन वाचून मनुष्याला तें तंतोतंत पटतें, तें कां? १९४८ सालीं बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि आठवड्यानें प्रत्येकाच्या हातीं त्याचें म्हणून एक स्वभाववर्णन दिलें. तें कितपत जुळतें यास ० ते ५ गुण द्यावयाचे होते. सरासरी ४.२६ भरली. वस्तुतः सर्वांना एकच मजकूर दिलेला होता, आणि तो बव्हंशीं बाजारांतल्या ज्योतिषाच्या पुस्तकांतून उचललेला होता! वरून धीराचा पण आंतून साशंक नाहीं, असा मनुष्य विरळाच. म्हणून असलें वर्णन कोणालाहि लागू पडतें.

यासाठीं आजचे बहुतेक संशोधक सांचे बाजूस ठेवून पांच गुणांची मोजपट्टी वापरतात: बहिर्मुखता, नवानुभवाची ओढ, कर्तव्यतत्परता, सौजन्य व भावनिक अस्थैर्य. हे गुण प्रत्येकांत कमीअधिक असतात, आणि वयाबरोबर बदलतातहि. तारुण्य ओसरतां ओसरतां सामान्यतः कर्तव्यतत्परता व सौजन्य वाढतें.

मग प्रकारांचा उपयोग काय? दुसऱ्याचें मन आपल्याहून निराळ्या रीतीनें चालतें, ही जाणीव त्यांनीं करून दिली, हा लाभ लहान नव्हे. हानि होते ती नांवाचा निकाल बनला म्हणजे. पाहुण्यांच्या गर्दींतून माडीवर जाणाऱ्या त्या मुलाला जाऊं द्यावें. परंतु उद्यां तोच वक्तृत्वाच्या स्पर्धेंत नांव घालूं लागला, तर 'तूं घुमा, तें तुझें काम नव्हे,' असें घरांतल्या कोणीं म्हणूं नये.