वर घरमालक, खाली आपण

पुण्या-नाशिकच्या जुन्या बंगल्यांत मालक वर आणि भाडेकरू खाली, ही नेहमीची मांडणी. पहाटे वर खलबत्ता सुरू झाला की खाली तान्ह्या बाळाची झोप मोडते. पण घर त्यांचं, मग बोलायचं कसं?

आधी आवाज येतो कसा ते पाहू. गप्पांचा, टीव्हीचा आवाज हवेतून येतो, तो बराचसा अडतो. खलबत्ता, ओढलेली खुर्ची, धावणारी मुलं यांचा धक्का मात्र थेट स्लॅबमध्ये शिरतो. म्हणून खाली छताला थर्माकोल लावून फारसं साधत नाही; उपाय वरच हवा. खलबत्त्याखाली घडी घातलेलं गोणपाट, खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं, मुलं खेळतात तिथे जाड सतरंजी. बुचं आपणच नेऊन द्यावीत. संध्याकाळी निवांत वेळी जावं, “काका, पहाटे बाळ दचकून उठतं हो,” एवढंच सांगावं. भर आवाजात जिना चढून भांडू नये.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. रात्र म्हणजे 10 ते 6. रात्री स्पीकर दणाणत असेल, तर 112 वर कळवता येतं, मग तो मालकाचा का असेना. रोजच्या खलबत्त्यासाठी मात्र पोलीस बोलावू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

आणि मालकाशी बिनसलंच तर अडचण नको, म्हणून भाडेकरार नोंदवलेला हवाच. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. घर सोडायची वेळ आली, तर नोटिशीची मुदत करारातच पाहावी.