भिंतीतला वड कुंडीत आल्यावर



चिंचवडच्या नावातच चिंच आहे आणि वड आहे. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला. पुढे भोसरीला कारखाने आले, मग चाकणला आले. रस्ते रुंद झाले. मोशी, कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे अशा गावांत जुनी घरे पाडून सिमेंटची घरे बांधतात, हे तुम्ही रोज बघता. जुन्या घराच्या भिंतीत पुष्कळदा एखादा वड किंवा पिंपळ उगवलेला असतो. पाखरे वडाची फळे खातात. त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या भेगेत पडते आणि तिथेच रुजते. अशा झाडाला माती थोडी, पाणी थोडे. म्हणून वीस वर्षांचे झाडही कमरेएवढेच राहते. घर पाडताना ते झाडही ढिगाऱ्यात जाते.

काही जण ते टाकू देत नाहीत. ते झाड कुंडीत लावतात. घर गेले, शेत गेले, निदान ओट्यावरचा वड तरी राहील, असे त्यांना वाटते. याच कलेला जपानी लोक बोन्साय म्हणतात. बोन म्हणजे पसरट भांडे आणि साय म्हणजे लावणी. जपानात डोंगरावर वाऱ्याने नि बर्फाने खुरटलेली ज्युनिपरची झाडे काढून आणीत. आपल्याकडे तो डोंगर म्हणजे पडकी भिंत!

झाड आणले, कुंडीत लावले. पंधरा दिवसांत पाने पिवळी होऊन गळली. आता घरात घाबराघुबर होते. आजी दिवसातून चार वेळा पाणी घालते. मुलगा मूठभर युरिया टाकतो. सून कुंडी उचलून उन्हात ठेवते. तिघांचीही माया खरी, पण त्या मायेनेच झाड मरते.

असे का होते? झाड पाणी पिते ते जाड मुळीने नव्हे. केसासारख्या बारीक मुळ्या असतात, त्या पाणी ओढतात. भिंत फोडताना त्या भिंतीतच तुटून राहतात. इकडे पाने तर पाणी बाहेर टाकीतच असतात. खर्च चालू आणि मिळकत बंद, अशी गत होते. मग वड आपणच पाने टाकून देतो. पान गळणे म्हणजे मरणे नव्हे. नखाने साल जरा खरवडून बघा. आत हिरवे दिसले, चीक आला, तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर ती फांदी गेली. खाली दुसरीकडे बघा.

ज्युनिपरचे मात्र उलटे असते. ते मेले तरी कित्येक आठवडे हिरवेच दिसते. माणूस पाणी घालीत राहतो आणि झाड केव्हाच गेलेले असते. त्या मानाने आपला वड सरळ स्वभावाचा म्हणायचा.

आता काय करायचे ते सांगतो. कुंडीला खाली भोक हवे, हे पहिले. निव्वळ काळी माती घालू नका. ती पाणी धरून ठेवते, आणि हवा न मिळाल्याने मुळी कुजते. विटांचा चुरा चाळून घ्या. ज्वारीच्या दाण्याएवढे खडे ठेवा, धूळ टाकून द्या. त्यात थोडे कुजलेले शेणखत चालेल, पण थोडेच. झाड कुंडीला सुतळीने घट्ट बांधा. वाऱ्याने ते हलले की नवी फुटलेली मुळी तुटते. याकडे फार लोक दुर्लक्ष करतात.

कुंडी सावलीत ठेवा, पण अंधाऱ्या खोलीत नको. पडवी बरी. पाणी घालण्याआधी बोट मातीत खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कोरडे लागले तर खालून वाहीपर्यंत घाला. खोडावर मात्र दिवसातून एकदोनदा पाणी शिंपडा. रासायनिक खत अजिबात नको. ज्याला मुळीच नाही, त्याने खत खायचे कशाने?

मग थांबा. कधी तीन आठवडे लागतात, कधी दोन महिने. फुटवा दिसला की लगेच कात्री घेऊ नका आणि तार गुंडाळू नका. त्या कोवळ्या पानांनीच नव्या मुळीचे पोट भरायचे असते. पाने मोठी आणि टणक झाली की हळूहळू उन्हात न्या. एक वर्ष आकार देण्याचे नाव काढू नका. शहरातले शौकीनसुद्धा इथे घाई करतात आणि फसतात.

मघाशी एका मावशींनी विचारले, झाड काढावे केव्हा? पावसाळा लागताना काढावे. हवेत ओल असते, मुळी लवकर धरते. काढतेवेळी निम्मी पाने कापा आणि मुळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळा. घरमालकाला विचारल्याखेरीज हात लावू नका. चाकणच्या संग्रामदुर्गाच्या तटातले झाड तर मुळीच उपटू नका. पहारीने तटाचे दगड निखळतात. मोठे झाड हलवायचे असेल तर महापालिकेची परवानगी लागते. शहरासाठी तसा कायदा १९७५ पासून आहे.

तोच सुमार वटपौर्णिमेचा असतो. बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. ओट्यावर कुंडीतला वड असला तर शेजारच्या बायाही तिथेच पूजा करतील. फक्त त्यांना एवढे सांगा, की नव्या झाडाच्या मुळाशी दूध ओतू नका. आणि दोरा सैल गुंडाळा, सण झाल्यावर सोडून घ्या.