मधल्या फळीचा कामगार



कामगार चळवळीतल्या माणसाने फुटबॉलवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण ज्याच्याविषयी बोलायचे आहे तो माझ्या लेखी कामगारच आहे. त्याचे नाव क्लायमॅक्स लॉरेन्स. गोव्याचा हा खेळाडू आता निवृत्त झाला आहे.

फुटबॉलमध्ये गोल करणारे पुढे असतात, अडवणारे मागे. लॉरेन्स खेळे या दोहोंच्या मधल्या फळीत, तोही बचावाच्या अंगाने. प्रतिपक्षाच्या पायातला चेंडू काढायचा, आपल्या माणसाला द्यायचा आणि पुन्हा जागेवर हजर व्हायचे. नव्वद मिनिटे हेच काम. आपल्या नगर जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ. पोत्यावर कारखान्याचे नाव छापतात, गव्हाणीवर राबणाऱ्याचे छापत नाहीत. तो तासभर दूर झाला की मात्र सर्वांना कळते. मधल्या फळीचेही तसेच आहे.

लॉरेन्सच्या उमेदीची वर्षे धेंपो क्लबात गेली. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली या क्लबाने 2005 ते 2012 या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. 2008 च्या एएफसी चॅलेंज चषकात भारताचा पहिला सामना हैदराबादला अफगाणिस्तानशी झाला. बरोबरी ठरल्यातच जमा होती. तेव्हा भरपाईच्या वेळेत एकमेव गोल केला तो लॉरेन्सने. पुढे 13 ऑगस्टला दिल्लीत आपण ताजिकिस्तानला 4-1 असे हरवले. त्यात तीन गोल सुनील छेत्रीचे आणि एक बायचुंग भुतियाचा. या विजयाने 2011 च्या आशिया चषकाचे दार उघडले. त्याआधी भारत तेथे खेळला होता 1984 मध्ये.

आता प्रश्न असा की, अशा खेळाडूच्या भाकरीची शाश्वती कोणाच्या हाती असते? एके काळी मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल यांचे संघ होते. महिंद्र युनायटेडने 2006 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये तो संघच मोडला. गोव्यातले धेंपो आणि साळगावकर हे क्लब खाणमालक घराण्यांनी पोसले. 2016 मध्ये लीगच्या नव्या रचनेला विरोध म्हणून या दोघांनी आणि स्पोर्टिंग क्लबाने राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. धेंपो पुढे परतला. मालकांची तक्रार खोटी होती असे मी म्हणत नाही. पण निर्णय मालकांचा आणि रिकामे बसणे खेळाडूंचे, हा हिशेब आम्ही कामगारांनी पुष्कळ पाहिला आहे. 2025 मध्ये वरच्या लीगचा हंगाम अडला, तेव्हाही काही क्लबांनी पगार थांबवले. गिरणीचा कामगार साठीपर्यंत राबू शकतो. खेळाडूचे पाय पस्तिशीत थकतात. त्याचा बुडालेला हंगाम पुन्हा येत नाही.

यावर उपाय काय? दक्षिण अमेरिकेत उरुग्वे नावाचा चिमुकला देश आहे. तेथील ओब्दुलिओ वारेला हाही मधल्या फळीचाच खेळाडू, आणि लहानपणी रस्त्यावर वर्तमानपत्रे विकलेला. 1948 मध्ये तेथील व्यावसायिक खेळाडूंनी आपल्या संघटनेच्या मान्यतेसाठी संप केला आणि तो कित्येक महिने चालवला. वारेला त्यात आघाडीवर होता. संप करणारा कामचुकार असतो, असे म्हणणाऱ्यांनी पुढचे ऐकावे. 16 जुलै 1950 रोजी रिओच्या माराकाना मैदानावर विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात ब्राझीलने पहिला गोल केला. मैदान दणाणून गेले. कप्तान वारेलाने चेंडू काखेत घेतला, सावकाश चालत पंचांकडे गेला आणि वाद घालत राहिला. प्रेक्षकांचा गलका ओसरला, आपल्या गड्यांना दम मिळाला, तेव्हा खेळ पुन्हा सुरू झाला. उरुग्वेने सामना 2-1 असा जिंकला. संपात एकमेकांना धरून राहिलेली माणसे मैदानावरही तशीच राहिली, असे मला वाटते.

आपल्याकडेही 2006 मध्ये भुतियाच्या अध्यक्षतेखाली फुटबॉलपटूंची संघटना निघाली. तिला बळ द्यायचे ते खेळाडूंनी, आणि पाठीशी उभे राहायचे ते आपण प्रेक्षकांनी.

आपल्या गावचा एखादा मुलगा क्लबात निवडला गेला तर त्याला हार जरूर घाला. पण त्याबरोबर एवढे विचारा : लेखी करार झाला का? पाय मोडला तर औषधपाण्याचा खर्च कोण करणार? क्लब बंद पडला तर उरलेला पगार मिळणार का? हे विचारणे म्हणजे खेळाचा अपमान नव्हे. तो मुलगा काम करतो आहे आणि कामाचे दाम त्याला मिळालेच पाहिजे.