पुढच्या रविवारी येते

(मंडळाच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी, बिलासपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वीस वर्षांहून अधिक काळ रुळांच्या देखभालीत गेला. अध्यक्षांनी पाच मिनिटे बोला म्हटले तेव्हा मी नाहीच म्हणत होतो. पण गेल्या वर्षी माझ्या घरात एक गोष्ट घडली. ती आपल्या लोकांना सांगावी असे वाटले, म्हणून उभा आहे.

माझी मुलगी गेल्या वर्षी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली आणि तिने एन.एस.एस.मध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. तिच्या गटाला गावाबाहेरचा एक वृद्धाश्रम मिळाला.

पहिल्या रविवारी मीच तिला स्कूटरवर सोडले. जाताना उत्साह होता, पिशवीत केळी आणि बिस्किटांचे पुडे होते. परत येताना तोंड एवढेसे झाले होते. म्हणाली, "पप्पा, मला काय बोलावं तेच सुचेना. एक आजी माझा हात सोडेना. दुसऱ्या आजींना मी बिस्किटं दिली, तर त्यांना साखरेचा आजार. आणि एका आजोबांनी विचारलं, फोटो काढून झाले की जाणार ना?"

मला वाटले, आता ही पुन्हा जायची नाही. पण ती गेली. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तिची एका म्हाताऱ्यांशी गट्टी जमली. इकडे आजोबांना बबा म्हणतात, तीही त्यांना बबाच म्हणू लागली. वय ऐंशीच्या पुढे. रेल्वेतून निवृत्त झालेले की-मन. आपल्यातल्या रेल्वेवाल्यांना की-मन म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी चालत तपासायचा आणि सैल झालेली चावी ठोकून बसवायची. ऊन असो, पाऊस असो, त्याला चुकवता येत नाही. बबांची पत्नी गेलेली, मुलगा नोकरीसाठी दूर गुजरातेत. पेन्शन होती, त्यामुळे पैशाची ददात नव्हती. माणसांची होती.

पेन्शनरांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशीच्या पुढच्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. बबांची अडचण अशी, की जन्मभर हातोडा धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या. मशीन अंगठा घेईना. २०२१ पासून हा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, हे मुलीला माहीत होते. ती म्हणाली, "बबा, कागद काढून ठेवा. पुढच्या रविवारी येते आणि करून देते."

पुढच्या रविवारी आमच्या नात्यात साखरपुडा निघाला. त्याच्या पुढच्या रविवारी तिची दुसऱ्या दिवशीची परीक्षा. ती गेली तिसऱ्या रविवारी.

तिथल्या सेवकाने तिला सांगितले, की दोन्ही रविवारी बबा सकाळी सातला आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, पेन्शनचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन फाटकाजवळच्या बाकावर बसले होते. जेवणाची घंटा झाली तरी उठेनात. मुलगी खाली मान घालून त्यांच्यापुढे उभी राहिली. बबा रागावले नाहीत. उलट म्हणाले, "बेटी, मैंने ही गलत सुना होगा. तूने कोई और इतवार कहा होगा."

मंडळी, ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी चूक आपल्या कानांवर घेतली.

दाखल्याचे काम दहा-पंधरा मिनिटांत झाले. मोबाईलसमोर चेहरा धरला, सांगितले तेव्हा पापण्या मिटल्या-उघडल्या. बबा हसून म्हणाले, "अब मशीन मान गई कि मैं ज़िंदा हूँ."

घरी येऊन मुलगी रडली. मी तिची समजूत घालत होतो, अगं परीक्षा होती, तू तरी काय करणार. आणि बोलता बोलता माझाच शब्द अडला. माझे वडील अमरावती जिल्ह्यात गावी असतात. त्यांनाही मी "पुढच्या महिन्यात येतो" असे तीन वेळा सांगितले होते. ते कधी विचारत नाहीत. आईने मागे सांगितले होते, की ते म्हणतात, त्याला सुट्टी मिळाली नसेल. म्हणजे आमच्या गावचा बबा माझ्यासाठी हेच करीत होता.

आमच्या खात्यात एक साधी गोष्ट आहे. जी गाडी वेळापत्रकात नाही, तिची कोणी वाट पाहत नाही. एकदा वेळापत्रकात घातली की फलाटावर माणूस येऊन बसतो. आपण सहज "येतो" म्हणतो, तेव्हा कुणीतरी सदरा धुऊन ठेवतो. मुलीच्या वहीत तास मोजले जात होते. बबा रविवार मोजत होते.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. त्यांच्यासाठी २००७ चा कायदा आहे, त्याखाली आईवडिलांना मुलांकडून निर्वाह खर्च मागता येतो. १४५६७ ही हेल्पलाइन आहे. हे सर्वांना माहीत असावे. पण कायदा खर्च मिळवून देईल, फाटकाजवळच्या बाकावर येऊन बसणार नाही.

आपले मंडळ दरवर्षी उत्सवात एक दिवस फळवाटप करते. ते चालू राहावे. त्याला माझी एक जोड सुचवायची आहे. महिन्याचे चार रविवार चार कुटुंबांनी वाटून घ्यावेत. ज्याचा जो रविवार, तो त्याचाच. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करून तसे कळवावे. जाताना फार काही नेऊ नये. खाऊ न्यायचा तर आधी विचारावे, फोटो काढू नयेत. नखे कापून द्यावीत, चिठ्ठी वाचून दाखवावी, मोबाईलवर मुलाशी बोलणे करून द्यावे. काही सुचले नाही तर नुसते बसावे. मुलगी म्हणते, हे शिकायलाच सर्वांत वेळ लागतो.

पहिला रविवार आमच्या घराचा. तीन रविवार रिकामे आहेत, नावे आज आरतीनंतर माझ्याकडे द्यावीत. आणि ज्यांचे आईवडील गावी आहेत, त्यांनी आज घरी फोन करावा, पण येण्याची तारीख रजा मंजूर झाल्यावरच सांगावी. मी डिसेंबरात जाऊन आलो. वडील फाटकातच उभे होते.

एवढे बोलून मी थांबतो. गणपती बाप्पा मोरया!

— मंडळाचे एक सभासद, वरिष्ठ खंड अभियंता (रेलपथ)