एक कथा, सारे विषय



तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांच्या छापखान्यातून १८०६ साली इसापाच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने निघाले. याच राजांनी नेत्ररोग्यांवर उपचार करविले. त्यांच्या नोंदी आणि डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महालात जतन केलेली आहेत. मुलांच्या कथा आणि डोळ्यांची व्यथा, दोहोंकडे त्यांचे लक्ष होते. ज्या मुलाला दिसत नाही त्याच्या हाती कथा कशी द्यावी, हा प्रश्न मात्र आपल्याला सोडवावयाचा आहे.

आमच्या मते त्यासाठी प्रारंभी एकच कथा पुरे; तहानलेल्या कावळ्याची घ्या. एरवी ‘कावळा काळा असतो’ हे वाक्य मूल पाठ म्हणते आणि त्याला ते समजले असे आपण मानतो. उठावाच्या रेषांनी चित्र काढून दिले, तरी त्यात बोटांना पक्षी सापडतोच असे नाही. म्हणून आधी गळालेले पीस हाती द्यावे, अंगणातली कावकाव ऐकवावी आणि मग कथा वाचावी.

पुढचे साहित्य तिरुवैयारूच्या कावेरीकाठी मिळते. अर्ध्याहून अधिक भरलेल्या तांब्यात मुलाने एक बोट काठावरून आत सोडावे व दुसऱ्या हाताने खडे टाकावेत. पाणी बोटाला लागेतो किती खडे पडले, हे गणित; पाणी का चढले, हे विज्ञान. तांब्यात पाणी ओतताना चढत जाणारा आवाज ऐकणे हा संगीताचा पहिला धडा. ज्या गावी त्यागराजांची समाधी आहे, तेथे तो वगळून कसे चालेल? पाणी आले कोठून, असे मूल विचारील. तेव्हा पाटावर पाच जाड दोरे चिकटवून कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णारु, वेट्टारु व वडवारु बोटांनी फिरवाव्यात. गावाच्या नावातील ‘ऐ’ म्हणजे पाच, ‘आरु’ म्हणजे नदी, हे तेव्हाच सांगावे. भूगोल आणि भाषा एकाच पाटावर येतात.

आता लिपीविषयी. आपल्या अनेक घरांत मराठी बोलली जाते, पण मुले लिहितात ती तमिळ; देवनागरी त्यांना परकी वाटते. दृष्टिहीन मुलाची अडचण येथे उलट कमी आहे. १९५१ साली स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठी ‘क’ आणि तमिळ ‘क’ यांचे ठिपके एकच, पहिला आणि तिसरा. ख, घ यांसारखी तमिळमध्ये नसलेली अक्षरे तेवढी नव्याने शिकावी लागतात. शाळेत तमिळ ब्रेल शिकलेले मूल थोड्या श्रमाने मराठी कथा वाचू लागेल आणि आपल्या डोळस भावंडांना ती वाचूनही दाखवील. ज्याला आपण नेहमी वाचून दाखवितो, तोच घरात मराठी वाचणारा होईल!

ब्रेलचा कागद जाड असतो आणि ठिपक्यांना जागा फार लागते. लहान पुस्तकही फुगते. म्हणून मोठ्या ग्रंथाचा संकल्प नको. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने एका कथेची ब्रेल प्रत काढावी आणि तिच्यासोबत पीस, खडे, तांब्या व दोऱ्यांचा पाट असलेली एक पिशवी द्यावी. ती घरोघर फिरू द्यावी.