मेजरचा मेजर जनरल

इजिप्तची क्रांती म्हटली की आपल्याला नासेर, सुवेझ कालवा आणि आस्वानचं धरण आठवतं. ते तुम्हाला ठाऊकच आहे. मला बोलायचंय ते नासेर यांचे जिवलग मित्र अब्देल हकीम आमेर यांच्याबद्दल. खरं तर त्यांच्या एका बढतीबद्दल.

जून १९५३. राजेशाही मोडीत निघाली आणि ३३ वर्षांचे मेजर आमेर मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून मेजर जनरल झाले. शिवाय सरसेनापती! माणूस भित्रा नव्हता हो. १९४८ साली पॅलेस्टाईनमध्ये धडाडीने लढलेला, दिलदार, हाताखालच्यांना हवाहवासा. नासेर यांनी धाकट्या मुलाचं नावसुद्धा अब्देल हकीम ठेवलं. पण दोस्ती वेगळी आणि सैन्य चालवणं वेगळं.

हुद्द्याचं आंब्यासारखंच असतं. आढीतला आंबा आपल्या वेळेने पिकतो. पावडर लावलेला आंबा पेटीत सगळ्यांआधी पिवळाधमक होतो आणि कापला की कोयीपाशी आंबटढाण. आणि तो आंबट निघाला म्हणून व्यापारी पावडर थोडीच सोडतो? १९५६ साली सुवेझच्या युद्धात इजिप्तची विमानं जमिनीवरच जळाली. हवाईदलप्रमुख सिदकी महमूद जागेवरच राहिले आणि आमेर १९५८ मध्ये फील्ड मार्शल झाले! १९६१ साली, सीरिया इजिप्तशी जोडलेला असताना, दमास्कसमध्ये त्यांच्या नाकावर टिच्चून बंड झालं, सीरियन अधिकाऱ्यांनी त्यांना विमानात बसवून कैरोला धाडलं. तरी पद कायम. पुढच्या वर्षी नासेर यांनी लगाम घालून पाहिला. आमेर राजीनामा देऊन रुसले आणि मित्रानेच माघार घेतली.

५ जून १९६७ची सकाळ मात्र सांगतोच. आमेर विमानाने सिनाईकडे निघालेले. साहेबांच्या विमानाला चुकून गोळा लागू नये म्हणून विमानविरोधी तोफांना गप्प राहण्याचा हुकूम. बडे अधिकारी मोर्चा सोडून स्वागताला विमानतळावर. नेमकी तेव्हाच इस्रायली विमानं आली. हवाईदल पुन्हा जमिनीवरच जळालं. प्रमुख तेच, सिदकी महमूद. दुसऱ्या दिवशी आमेर यांचा घाईघाईने माघारीचा आदेश. सप्टेंबरमध्ये आमेर गेले. सरकार म्हणालं आत्महत्या. घरच्यांनी ते कधी मानलं नाही.

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं. त्या पराभवाचं मूळ शोधायला सिनाईत जाऊ नका, १९५३च्या त्या बढतीच्या कागदाकडे बघा. तुमच्यापैकी कुणाच्या हाती असे कागद येत असतील, तर मित्राला जेवू घाला, गरजेला पैसे द्या. त्याने न कमावलेला हुद्दा मात्र देऊ नका.