मित्रांचं केळवण, मुक्काम जयपूर



आपल्याकडे लग्न ठरलं की केळवणं सुरू होतात. मावशीकडे पुरणपोळी, आत्याकडे श्रीखंड, काकूकडे पुन्हा पुरणपोळी. पाटाभोवती रांगोळी, औक्षण, हातात एक पाकीट. बिचारा नवरदेव खाऊन खाऊन टेकीला येतो आणि शेरवानी सैल करून घ्यायची पाळी येते. या सगळ्या थाटात मित्रांना मात्र फारशी जागा नसायची. ती कसर आता बॅचलर पार्टीनं भरून काढली आहे. २०११ साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ हा चित्रपट आला, त्यातले तिघे दोस्त एकाच्या लग्नाआधी स्पेन हिंडून आले, आणि आपल्याकडच्या मुलांनाही बोहल्यावर चढण्याआधी एकदा गाव सोडावंसं वाटू लागलं. बहुतेक जण गोवा गाठतात. कुणी जयपूरला निघालं की मला जास्त बरं वाटतं. गोव्यात समुद्र असतो, त्यामुळे जेवणात काय होतं हे पुढे कुणाला आठवत नाही. जयपुरात ते विसरता येत नाही.

पण नेमकं कुठे जेवायचं? मंडळी मोबाइलवर फोटो बघतात, निळ्या भिंती आणि झुंबरं आवडतात, आणि तिथेच टेबल राखून ठेवतात. माझं म्हणणं वेगळं आहे. जागा ठरवताना नवरदेवाकडे बघू नका, तो त्या दिवशी कुठेही खूश असतो. टोळीतल्या अडचणीच्या गड्याकडे बघा. एक जण शाकाहारी असतो, एक पीत नाही, आणि एकाला नुकतीच नोकरी लागलेली असते, पण तो तसं बोलून दाखवत नाही. हे तिघे जिथे अवघडणार नाहीत, तिथली रात्र सगळ्यांच्या लक्षात राहते.

शाकाहाऱ्याची काळजी जयपूर स्वतःच घेतं. १७२७ साली सवाई जयसिंगांनी वसवलेल्या तटबंदीच्या आतल्या शहरात तर शाकाहाराचंच राज्य आहे. जोहरी बाजारात लक्ष्मी मिष्ठान्न भांडार आहे. त्याला सगळे ‘एलएमबी’ म्हणतात. दाल-बाटी-चुरमा, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी आणि वर घेवर. (मी नावं घेणार आहे ती पत्ता कळावा म्हणून, जाहिरातीचं काम या कार्यक्रमाकडे नाही.) इथे दारू नाही, आणि घरातली वडीलधारी मंडळी कुठल्याही क्षणी शेजारच्या टेबलावर येऊन बसतील असा माहोल. म्हणून हे दुपारचं ठिकाण, रात्रीचं नव्हे.

रात्रीसाठी तटाबाहेर यायचं, मिर्झा इस्माईल रोडवर. मिर्झा इस्माईल हे आधी म्हैसूरचे आणि मग १९४०च्या दशकात जयपूरचे दिवाण. त्यांच्या नावाचा हा रस्ता लोकांच्या तोंडी ‘एमआय रोड’ झाला. इथलं ‘निरोज’ १९४९ पासून चालू आहे, आणि मोठ्या टपाल कचेरीसमोर ‘हांडी’ आहे. दोन्हीकडे मागवायचं ते लाल मांस. हा मूळचा शिकारीतला पदार्थ. आता त्यात बोकडाचं मटण असतं. दही, लसूण आणि जोधपूरजवळच्या मथानिया गावची लाल मिरची. आपला कोल्हापूरकर पहिल्या घासाला ‘आमच्या तांबड्या रश्शापुढे काय!’ असं म्हणतो आणि तिसऱ्या घासाला पाणी मागतो. सोबत बाजरीची भाकरी मिळाली तर भात मागवूच नका. अशा जुन्या, थोड्या गजबजलेल्या ठिकाणी माणसं टेबलावर वाकून बोलतात, एकमेकांच्या ताटातलं उचलतात. बॅचलर पार्टीत मला तरी एवढंच हवंसं वाटतं. आणि बिल बघून त्या नव्या नोकरीवाल्याच्या पोटात गोळा येत नाही.

राजेशाही हौस असेल तर रामबाग पॅलेस आहे. १८३५ सालची ही बाग-हवेली पुढे सवाई मानसिंग दुसरे यांचं राहतं घर झाली आणि १९५७ साली त्यांनीच तिचं हॉटेल केलं. महाराणी गायत्रीदेवी इथेच नांदल्या. त्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नात, म्हणजे या महालाशी आपलं आजोळचं नातं निघतं! महाराज पोलोचे नामांकित खेळाडू. १९३३ साली त्यांच्या संघानं इंग्लंडमधल्या मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्या. रामबागच्या पोलो बारमध्ये त्या काळाच्या आठवणी भिंतींवर आहेत. पण टोळीनं पूर्ण जेवायला इथे जाऊ नये असं माझं मत. एकेक पेय घ्यावं, महाल बघावा, निघावं. ‘सुवर्ण महाल’ या तिथल्या भोजनदालनातल्या नक्षीदार छताखाली दहा मुलगे हळू आवाजात बोलत बसले, तर ती पार्टी कसली? नोंदणी मात्र आधी करा आणि कपड्यांचे नियम विचारा, चपला घालून गेलात तर दारातून परत याल.

सूर्यास्तासाठी नाहरगड. १७३४ सालचा किल्ला, खाली सगळं शहर दिव्यांनी उजळत जाताना दिसतं. ‘रंग दे बसंती’मधली टोळी जिथे हुंदडते ती पायऱ्यांची विहीर इथलीच. मात्र किल्ला अभयारण्याच्या हद्दीत असल्यामुळे तिथल्या उपाहारगृहांचा वाद हरित लवादापर्यंत गेला होता. तेव्हा वर काही खायला मिळेल असं गृहीत धरू नका, आधी फोन करून खात्री करा. आणि घाटाचा रस्ता वळणावळणाचा आहे. गाडी चालवणारा ड्रायव्हर ठरवूनच न्या, ‘मी एकच बीअर घेतली’ म्हणणारा मित्र नको.

आता दोन-चार गोष्टी, ज्या फोटोत दिसत नाहीत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. गच्चीवरचं रेस्टॉरंट घेतलंत तर नाचगाणं दहाच्या आत उरका, किंवा बंदिस्त दालन घ्या. ३० जानेवारी आणि २ ऑक्टोबर हे कोरडे दिवस. तारखा बघून तिकिटं काढा. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवर इतकं गारठतं की शालीत गुंडाळून बसावं लागतं. देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीनंतर जयपुरात लग्नांचा सपाटा सुरू होतो. तिथे लग्नाच्या मुहूर्ताला ‘सावा’ म्हणतात. मोठ्या साव्याच्या दिवशी हॉटेलांची अंगणं दुसऱ्यांच्या वरातींनी भरलेली असतात आणि तुमच्या दहा जणांना दोन-दोनच्या पाच टेबलांवर पांगवतात. बॅचलर पार्टीत याहून मोठं संकट नाही. म्हणून टेबल ठरवताना पहिला प्रश्न एकच विचारा: दहा जण एका टेबलाला बसतील का? ‘ॲडजस्ट करू’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा.

बिलावर सेवा शुल्क लावलेलं दिसलं तर ते ऐच्छिक आहे हे लक्षात असू द्या; ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तसं सांगतात. वाढप्यानं खरंच मनापासून वाढलं असेल तर त्याच्या हातात थेट पैसे ठेवा.

सकाळची सोय राहिलीच. रात्री काहीही झालेलं असो, दुसऱ्या दिवशी एमआय रोडवर लस्सी प्यायला जायचं. मातीच्या कुल्हडात, वर सायीचा जाड थर. तिथे शेजारीशेजारी एकाच नावाची दुकानं आहेत आणि प्रत्येक जण आपणच १९४४ पासूनचे असल्याचं सांगतो. ज्याच्यापुढे सकाळपासून रांग असते, तिथे उभं राहा. उशिरा उठाल तर लस्सी संपलेली असते. पोटात भर म्हणून स्टेशन रोडवरच्या ‘रावत’ या दुकानातली प्याज कचोरी. एकीत भागतं, पण सगळे दोन खातात.

आणि एक विनंती, नवरदेवाच्या मित्रांना. हिशेब जयपूर सोडण्याआधी मिटवा, ज्यानं दारू घेतली नाही त्याच्याकडून दारूचे पैसे घेऊ नका, आणि नवरदेवाकडून तर एक रुपयाही घेऊ नका. त्याचा खर्च आता सुरू होणार आहे.